हाडातली नस दिसत नाही, मग चेहऱ्याची सोनोग्राफी कशासाठी?

वाचकाचं पत्र

माझी आई 56 वर्षांची आहे. तिला 11 वर्षांपासून मधुमेह आहे. सहा आठवड्यांपूर्वी सकाळी चूळ भरताना तिच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी गळू लागलं आणि संध्याकाळपर्यंत चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. हातपाय, बोलणं, सगळं ठीक होतं. डॉक्टरांनी बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या नसेला सूज येऊन एक बाजू लुळी पडणं, असं सांगून दुसऱ्याच दिवशी स्टेरॉइड सुरू केलं. आता डावा डोळा निम्मा मिटतो, पण कपाळ आणि ओठ अजून अजिबात हलत नाहीत. न्यूरॉलॉजिस्टनी 'दोन्ही बाजूंची फेशियल नर्व्ह आणि चेहऱ्याचे स्नायू, हाय रिझोल्यूशन अल्ट्रासाऊंड' असं लिहून दिलं. जवळच्या सोनोग्राफी सेंटरवाले म्हणाले, चेहऱ्याची सोनोग्राफी आम्ही करत नाही, त्यापेक्षा एमआरआय करा. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, अल्ट्रासाऊंड तर आमच्याकडेच आहे, दहा दिवस देऊ. नक्की काय करायचं? या तपासणीतून काही कळतं का? रात्री डोळा उघडा राहतो म्हणून आम्ही वर कापूस ठेवून पट्टी लावतो, ते बरोबर आहे ना?

उत्तर

पत्रातला शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण सोनोग्राफी आठवडाभर उशिरा झाली तरी चालेल, डोळ्याचं तसं नाही. कापूस काढून टाका. पापणी पुरती मिटत नसेल तर झोपेत कापसाचे तंतू थेट बुबुळावर घासतात. दिवसा दर एक-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब घाला. झोपताना खालची पापणी किंचित खाली ओढून आत डोळ्याच्या मलमाची एक सेंटिमीटरभर रेघ सोडा, बोटानं वरची पापणी पूर्ण मिटवा आणि मगच कागदी चिकटपट्टी वरच्या पापणीवरून गालापर्यंत तिरकी लावा. पट्टी लावल्यावर उजेडात बघा, फट राहिलेली नसावी. डोळा लाल झाला, उजेड सहन होईना किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. जुन्या मधुमेहात बुबुळाची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून 'दुखत नाही' यावर विसंबू नका. काही त्रास नसला तरी या आठवड्यात एकदा डोळा तपासून घ्या.

आता अल्ट्रासाऊंड. इथे एकाच नावाच्या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. फिजिओथेरपीतलं अल्ट्रासाऊंड हा उपचार असतो. साधारण एक ते तीन मेगाहर्ट्‌झच्या ध्वनिलहरी आत सोडून खोलवर शेक दिला जातो. त्यात चित्र दिसत नाही आणि रिपोर्टही निघत नाही. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टनी लिहिली आहे ती तपासणी, म्हणजे पोटाची करतात तशी सोनोग्राफी, फक्त बारीक प्रोबनं (अंगावर टेकवतात त्या यंत्राच्या भागानं) आणि चेहऱ्यावर. तेव्हा दहा दिवसांच्या त्या शेकानं ही तपासणी झाली असं होणार नाही. बेल्स पाल्सीला त्या शेकाचा उपयोग होतो असा भरवशाचा पुरावाही नाही. गालावर करंट देण्याचंही तेच. 2011 मधल्या कॉक्रन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, विजेच्या झटक्यांनी फायदा होतो असं दिसलं नव्हतं. फिजिओथेरपिस्टांकडून जे शिकून घ्यायचं ते आरशासमोरचे संथ, छोट्या हालचालींचे व्यायाम. जोर लावून गाल फुगवणं, फुगे फुगवणं, दिवसभर च्युइंगगम चघळणं, यातलं काही नको.

सोनोग्राफी सेंटरनं 'आम्ही करत नाही' असं सांगितलं, त्याचा राग मानू नका. ही तपासणी नेहमीच्या यादीतली नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नव्या बेल्स पाल्सीत सरसकट कुठलंच स्कॅन करायची गरज नाही. ज्यांनी कधी चेहऱ्याची नस शोधलेली नाही त्यांनी उरकून टाकलेल्या तपासणीपेक्षा नकार बरा. मात्र 'त्यापेक्षा एमआरआय करा' हे बरोबर नाही. दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

का, ते समजायला नसेची वाट माहीत हवी. आपण बोलताना रक्तवाहिनीला आणि मज्जातंतूला दोन्हीला 'नस' म्हणतो. इथे नस म्हणजे मज्जातंतू. चेहऱ्याची नस मेंदूच्या खोडातून निघते, कानाच्या आतल्या हाडातल्या बोगद्यात शिरते, त्या हाडातून वळणं घेत साधारण तीन सेंटिमीटर जाते आणि कानाच्या पाळीच्या खाली-मागे बाहेर पडते. तिथून ती पॅरोटिड ग्रंथीत, म्हणजे गालगुंडात सुजते त्या लाळग्रंथीत, घुसते आणि पाच शाखांमध्ये फुटते: कानशील, गालाचं हाड, गाल, जबड्याची कड आणि मान. बेल्स पाल्सीत सूज येते आणि नस आवळली जाते ती मुख्यतः हाडाच्या बोगद्यात. बोगद्याचं सुरुवातीचं तोंड सगळ्यांत अरुंद, जेमतेम 0.7 मिलिमीटरचं. ध्वनिलहरी हाडावर आपटून परत येतात, म्हणजे दुखण्याची मूळ जागा सोनोग्राफीला दिसतच नाही. तिला दिसतात ती पुढची दोन ठिकाणं: हाडातून बाहेर पडल्यावर ग्रंथीत शिरलेली नस, आणि त्या नसेवर चालणारे चेहऱ्याचे स्नायू. एखाद्या शेताला पाणी येत नाही आणि पाइप जमिनीखाली आहे, तेव्हा आपण पाइपचं बाहेर आलेलं टोक बघतो आणि पीक बघतो. तसंच हे.

यातली नसेची जाडी सुरुवातीच्या दिवसांत जास्त बोलकी असते. सिंगापूरच्या डॉक्टरांनी 2010 मध्ये बेल्स पाल्सीच्या रुग्णांत हाडाबाहेरच्या नसेची जाडी मोजली. ज्यांची नस सुजलेली नव्हती ते तीन महिन्यांत चांगले सुधारलेले दिसले. रुग्णसंख्या लहान होती, पण त्यानंतर इतरांनीही बाधित बाजूची नस जाड असल्याचं नोंदवलं आहे. सहाव्या आठवड्यात मात्र या आकड्याला तितकं वजन राहत नाही. सूज ओसरलेली असू शकते, आणि जाडी कमी झाली म्हणजे नस चालू झाली असं नाही.

त्यातून हा आकडा फसवाही आहे. निरोगी नस तिथे एका मिलिमीटरच्या आसपास असते. ध्वनी शरीरात सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगानं जातो, म्हणजे 15 मेगाहर्ट्‌झच्या प्रोबची एक लहर 0.1 मिलिमीटरची. नुसता पडद्यावरचा मोजणीचा खुणेचा ठिपका एका लहरीएवढा इकडेतिकडे झाला तरी दहा टक्के फरक पडला. पोटासाठी वापरतात तो तीन-पाच मेगाहर्ट्‌झचा गोलसर प्रोब इथे कामाचा नाही. सपाट तोंडाचा, 15 ते 18 मेगाहर्ट्‌झपर्यंत जाणारा लिनियर प्रोब हवा. हॉकीच्या काठीसारखा वाकडा छोटा प्रोब असेल तर कानाखालच्या खोबणीत आणि हनुवटीवर काम सोपं होतं. सेंटरला फोन केलात तर पहिला प्रश्न हाच विचारा. 12 पेक्षा कमी मेगाहर्ट्‌झचाच प्रोब असेल तर दुसरं सेंटर बघा. हातापायांच्या नसांची किंवा सांधे-स्नायूंची सोनोग्राफी नेहमी करणारे रेडिऑलॉजिस्ट यासाठी जास्त योग्य.

तुमच्या आईच्या बाबतीत खरी उत्सुकता आहे ती स्नायूंची, आणि त्यातही एका गोष्टीची. तुम्ही लिहिता, डोळा निम्मा मिटतो. ही सुधारणा असेलही, पण नसेलही. वरची पापणी उचलून धरणारा स्नायू वेगळ्या नसेवर चालतो, तो धडधाकट आहे. डोळा मिटायला सांगितलं की तो सैल पडतो आणि पापणी नुसत्या वजनानं अर्धी खाली येते. डोळा आवळून मिटणारा गोल स्नायू मेलेला असला तरी एवढं घडतं. घरच्यांना वाटतं, फरक पडला. घरी एक चाचणी करता येते. आईंना दोन्ही डोळे घट्ट मिटायला सांगा आणि खालच्या पापणीकडे बघा. चांगल्या बाजूला खालची पापणी आवळून किंचित वर येते, बाहेरच्या कोपऱ्यात सुरकुत्या पडतात. डाव्या बाजूला तसं थोडंही होत असेल तर नस पोचते आहे. काहीच होत नसेल तर ती फक्त पडलेली पापणी आहे. नुसत्या नजरेनं जेव्हा नक्की सांगता येत नाही, तेव्हा सोनोग्राफी सांगू शकते: प्रोब खालच्या पापणीखाली हलकेच धरायचा आणि आवळताना तो स्नायू पडद्यावर जाड होतो का ते बघायचं. आमच्या मते सहाव्या आठवड्यात ही तपासणी करण्याचं सगळ्यांत सबळ कारण हेच.

तपासणी नीट झाली तर वीस मिनिटांहून कमी लागत नाहीत. पाच मिनिटांत बाहेर पाठवलं तर बहुधा फक्त पॅरोटिड बघितली गेली आहे. आईंना उताणं झोपवतात, मान विरुद्ध बाजूला वळवतात. उपाशी राहायला नको. दागिने, बाम, तेल आणि जाड क्रीम नको. गालात किंवा कपाळात सौंदर्योपचाराचं फिलर किंवा बोटॉक्स घेतलेलं असेल तर आधी सांगायला हवं, कारण फिलर पडद्यावर वेगळंच काहीतरी दिसतं आणि बोटॉक्स स्नायू बारीक करतं. तपासणीला आत जाण्याआधी डाव्या डोळ्यात मलम घाला. न मिटणाऱ्या डोळ्यात जेल गेलं तर तो चुरचुरतो आणि पुढची सगळी तपासणी बिघडते. डोळ्याजवळ बघताना मशीन डोळ्याच्या सेटिंगवर ठेवावं. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेनं, डोळ्यासाठी मेकॅनिकल इंडेक्सची (ध्वनिलहरींच्या जोराच्या मापाची) कमाल मर्यादा 0.23 ठरवली आहे, इतर अवयवांपेक्षा ती खूप खाली आहे. हे सेटिंग नसलेल्या मशीनवर तो भाग थोडक्यात उरकलेला बरा.

नस शोधायची ती कानाच्या पाळीखाली, कानामागचं टोकदार हाड आणि जबड्याची कड यांच्यामधल्या खोबणीत. ग्रंथी पडद्यावर एकसारखी उजळ दिसते. तिच्यातून जाणारी नस म्हणजे उजळ कडा असलेली एक गडद बारीक पट्टी. इथे तीन गोष्टी चकवतात. एक, जबड्यामागची शीर. ती नसेच्या लगेच खाली, आतल्या बाजूला असते आणि तिच्यासारखीच पट्टी दिसते. कलर डॉप्लर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोय, लावला की शिरेत रंग भरतो, नसेत भरत नाही. दुसरी, लाळेची नळी. ती पुढे, चावायच्या स्नायूवरून गालात जाते. तिसरी अडचण मधुमेही आणि स्थूल रुग्णांत: ग्रंथीत चरबी साचते, ग्रंथी जास्तच पांढरी होते, लहरी खोलवर पोचत नाहीत आणि नस दिसत नाही. असं झालं तर रिपोर्टमध्ये 'नस दिसली नाही' असंच लिहिलेलं असावं. ओढूनताणून आणलेल्या आकड्यापेक्षा ते प्रामाणिक आहे.

नस दिसली तर ती लांबीत आणि आडवी अशी दोन्हीकडून बघावी आणि जाडी तीनदा मोजून सरासरी घ्यावी. प्रोब किंचित तिरपा झाला तरी नसेचं रूप बदलतं, म्हणून लहर नसेवर काटकोनात पडायला हवी. आणि उजवी बाजू मोजल्याशिवाय डावीच्या आकड्याला अर्थ नाही. चांगल्या बाजूला अगदी त्याच जागी, त्याच खोलीवर, त्याच सेटिंगवर मोजलेला आकडा शेजारी हवा.

स्नायूंकडे येऊ. जर्मनीतल्या येना इथल्या विद्यापीठ रुग्णालयात चेहऱ्याच्या स्नायूंची सोनोग्राफीनं मोजदाद करण्याचं बरंच काम झालं आहे. या स्नायूंपैकी चार-पाच बघितले तरी तुमच्या कामापुरतं पुरे: भुवईच्या वर, बाहुलीच्या रेषेत, कपाळाचा स्नायू, डोळ्याभोवतीचा गोल स्नायू, गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा हसण्याचा स्नायू, ओठाचा कोपरा खाली ओढणारा, आणि हनुवटीचा. प्रत्येकाची जाडी आधी चेहरा सैल ठेवून मोजायची, मग ती विशिष्ट हालचाल करायला लावून: भुवया वर, डोळे घट्ट, दात दिसतील असं हसणं, ओठ खाली, हनुवटी आक्रसणं. चालू स्नायू आखडला की जाड होतो. शिवाय स्नायू किती उजळ दिसतो तेही बघायचं. निरोगी स्नायू गडद असतो. नस तुटलेल्या स्नायूत काही आठवड्यांत पांढुरकेपणा वाढतो आणि मग हळूहळू तो बारीक होतो, कारण मांसतंतूंची जागा चरबी आणि चिवट ऊती घेतात. वयानं आणि लठ्ठपणानंही थोडा पांढुरकेपणा येतो, म्हणून पुन्हा तेच: दोन्ही बाजू शेजारीशेजारी.

चुका जास्त इथेच होतात. हे स्नायू मोजक्या मिलिमीटरचे. प्रोब दाबला की चपटे होतात आणि लगेच 'स्नायू बारीक झाला' असा शेरा पडतो. जेलचा जाड थर ठेवून प्रोब त्या थरावर तरंगता ठेवावा. जेल पडद्यावर काळ्या पट्टीसारखं वर दिसत असेल तर दाब नाही असं समजावं. मशीन आपोआप उजेड वाढवतं-घटवतं ती सोय बंद ठेवावी, नाहीतर डाव्या-उजव्याच्या पांढुरकेपणाची तुलनाच चुकते. खोली दोन ते तीन सेंटिमीटरवर ठेवली की पुरते. सगळ्यांत मोठा फसवा क्षण हसताना येतो. हसायला सांगितलं की बरेच रुग्ण दात आवळतात. मग गालातला चावायचा जाड स्नायू टरारून फुगतो. तो वेगळ्या नसेवर चालतो, त्याचा या आजाराशी संबंध नाही, पण बघणाऱ्याला वाटतं गालाचा स्नायू हलला. म्हणून दात किंचित विलग ठेवून हसायला सांगावं. ओठांभोवतीच्या गोल स्नायूवर तर फार भिस्त ठेवू नये. त्याची चांगली बाजू मधल्या रेषेपलीकडे ओढते, आणि लुळी बाजूही हलल्यासारखी दिसते. कपाळाच्या बाबतीतही मधला भाग सोडून बाजूचा बघावा, हेच कारण.

रिपोर्ट आला की काय बघाल? 'फेशियल नर्व्ह नॉर्मल' एवढ्याच एका ओळीचा असेल तर तो परत घेऊन जा. आकडे दोन्ही बाजूंचे हवेत, सैल आणि आखडलेले वेगळे हवेत, प्रोब किती मेगाहर्ट्‌झचा ते हवं.

डाव्या स्नायूंची जाडी उजव्यासारखीच आहे आणि डोळ्याचा किंवा गालाचा स्नायू आखडताना थोडा तरी जाड होतो, असं दिसलं तर ती आनंदाची बातमी. चेहऱ्यावर हालचाल दिसण्याआधी कधी कधी पडद्यावर ती दिसते. जाडी टिकून आहे पण हालचाल नाही, असं असेल तर नस अजून पोचलेली नाही, स्नायू मात्र वाट बघतोय. इथे हिशेब उपयोगी पडतो: तुटलेली नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते. हाडातल्या अरुंद जागेपासून गालापर्यंतचं अंतर दहा सेंटिमीटरच्या घरातलं, म्हणजे तीन-चार महिने. कोपनहेगनच्या पीटरसन यांनी बेल्स पाल्सीचे 1701 रुग्ण उपचाराविना पाहून 2002 मध्ये जे निष्कर्ष मांडले तेही याला जुळतात. 85 टक्के रुग्णांत पहिल्या तीन आठवड्यांत हालचाल सुरू झाली, उरलेल्यांत ती तीन ते पाच महिन्यांत आली. 71 टक्के पूर्ण बरे झाले. आई पहिल्या गटात बसल्या नसतील तर त्या दुसऱ्या गटात आहेत, आणि त्या गटात काही खोट मागे राहण्याची शक्यता जास्त असते. हे आत्ताच माहीत असलेलं चांगलं.

तिसरी शक्यता: स्नायू बारीक आणि पांढुरके, हालचाल नाही. तरी त्यावरून एकट्यानं निकाल लावू नये. याच सुमारास सुईची ईएमजी, म्हणजे स्नायूत सुई घालून त्यातले विद्युत संकेत बघणारी तपासणी, करून घ्यावी. नस स्नायूपासून तुटली आहे का आणि एखादा तरी धागा परत जोडला जातोय का, हे ती जास्त थेट सांगते. नसेला करंट देऊन प्रतिसाद मोजणारी तपासणी पहिल्या चार ते चौदा दिवसांतली. तिची वेळ तुमच्यासाठी टळली आहे, आता कोणी सुचवली तर कशासाठी ते विचारा. आणि पुढे बरेच महिने काहीच आलं नाही तर दुसऱ्या नसेची जोड देण्याची शस्त्रक्रिया हा पर्याय असतो. ती साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आत विचारात घेतात, कारण नंतर स्नायू जोडण्यालायक राहत नाही. तेव्हाही स्नायू किती उरलाय हे बघायला हीच सोनोग्राफी लागते, म्हणून आजचे आकडे जपून ठेवा.

पॅरोटिडमध्ये गाठ दिसली, तर गोष्ट एकदम बदलते. मग सुईनं नमुना आणि कॉन्ट्रास्टसह (शिरेतून उजळवणारं औषध देऊन) एमआरआय, उशीर न करता. पण हेही लक्षात घ्या: ग्रंथीचा खोल भाग जबड्याच्या हाडामागे लपतो. सोनोग्राफीत गाठ दिसली नाही म्हणजे खोलवरही नाही, असं नाही.

एमआरआय म्हणजे हाडातल्या बोगद्यात आणि मेंदूजवळ डोकावणं, ते सोनोग्राफीला जमत नाही. पण बेल्स पाल्सीत तिथे दिसणार काय, तर नस कॉन्ट्रास्टनं उजळलेली, आणि ती निरोगी माणसातही काही भागात उजळते. त्यामुळे एमआरआय सुधारणेचा अंदाज बांधायला नाही, दुसरं काही लपलेलं नाही ना हे बघायला करतात. ती लगेच हवी अशी लक्षणं: लुळेपणा एका दिवसात न येता आठवड्यांमागून आठवडे वाढत जाणं, त्याच बाजूला पुन्हा येणं, गालात किंवा कानाखाली गाठ, एका कानानं कमी ऐकू येणं, चेहऱ्याला बधिरपणा, दोन-दोन दिसणं. आईंचा लुळेपणा एका दिवसात आला आहे, त्यामुळे यातलं काही नसेल तर तीन महिन्यांपर्यंत थांबता येईल. तीन महिन्यांनीही कपाळ आणि ओठ जागचे हलले नाहीत तर मात्र एमआरआय टाळू नका. आधी क्रिएटिनिन बघून घ्या, 11 वर्षांच्या मधुमेहात कॉन्ट्रास्ट देण्याआधी मूत्रपिंडाची खात्री लागते.

आपल्याकडे आणखी एक शक्यता डोळ्यांआड करता येत नाही. कपाळ-ओठ ठीक, फक्त डोळा मिटत नाही, असा रुग्ण असेल आणि चेहऱ्यावर किंवा अंगावर बधिर फिकट चट्टा असेल तर कुष्ठरोग तपासावा लागतो. त्यात गालाच्या हाडावरून डोळ्याकडे जाणारी शाखा बऱ्याचदा बाधित होते. तुमच्या आईंचं चित्र तसं नाही. पण त्वचा एकदा नीट बघून घ्यायला काय जातं.

आणि हे बाकीच्या वाचकांसाठी: ओठ वाकडा झाला, पण कपाळाला आठ्या नीट पडतात, किंवा हातात ताकद नाही, बोबडी वळते, तर सोनोग्राफीचा विचारही करू नका. तो पक्षाघात असू शकतो. 108 ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं.

'मशीन घरी आणून तपासून देतो' असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. गर्भलिंग निदान विरोधी कायद्याखाली सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन नोंदवलेलं असावं लागतं आणि ते वाटेल तिथे फिरवता येत नाही, मग बघायचा चेहरा का असेना.

नव्या सेंटरला जाताना न्यूरॉलॉजिस्टांच्या चिठ्ठीवर एवढं लिहून घ्या: 'डावा फेशियल पाल्सी, सहावा आठवडा. लिनियर प्रोब, 15 मेगाहर्ट्‌झ किंवा जास्त. दोन्ही बाजू. पॅरोटिड, ग्रंथीतली नस, कपाळ, डोळा, हसण्याचा, ओठ खाली ओढणारा आणि हनुवटीचा स्नायू, सैल आणि आखडलेला. डोळ्याचा गोल स्नायू खरंच आखडतो का, हा मुख्य प्रश्न.' जाण्याआधी आईंचा चेहरा सैल, डोळे मिटलेले, भुवया वर आणि हसताना, असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ एकाच उजेडात काढून ठेवा. तारीख टाका. पुढची सोनोग्राफी, गरज पडलीच तर, साडेतीन महिन्यांच्या सुमारास, शक्यतो त्याच मशीनवर, त्याच डॉक्टरांच्या हातून.